साचा आणि मजकूर



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयाचा अथवा काव्यशास्त्राचा एखादा विषय मांडावा, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आजचा माझा विषय वरवर पाहता त्याहून फार निराळा आहे. संस्थेच्या संकेतस्थळाची पाने एकसारखी राहावीत म्हणून जे साचे वापरतात, त्यांविषयी मला बोलायचे आहे. हा विषय संगणकतज्ज्ञांचा आहे, असे कोणी म्हणेल. साचा घडविण्याचे तंत्र त्यांचे, हे मला मान्य आहे. परंतु साच्यात काय कायम ठेवायचे आणि काय मोकळे सोडायचे, हा प्रश्न मूलतः संपादनाचा आणि भाषेचा आहे. आणि तो आपण सोडविला नाही, तर तो दुसरे कोणीतरी, दुसऱ्या भाषेच्या सोयीने, आपल्यासाठी सोडवून ठेवील.

प्रथम 'साचा' या शब्दाविषयी. मराठी समीक्षेत 'साचेबद्ध' हे विशेषण निंदाव्यंजक आहे. एखाद्या कथेला साचेबद्ध म्हटले की लेखकाला जे समजायचे ते समजते. परंतु त्याच साहित्यात दुसराही एक साचा आहे, त्याला आपण वृत्त म्हणतो. भुजंगप्रयात वृत्तात प्रत्येक चरणात चार य-गण, म्हणजे बारा अक्षरे, ही चौकट ठरलेली आहे. समर्थांनी मनाचे २०५ श्लोक याच एका चौकटीत लिहिले. त्यांना कोणी साचेबद्ध म्हणत नाही. वृत्त आशयाला हात लावीत नाही. ते फक्त आशय कोठे विसावा घेईल, ते सांगते. आज मी ज्या साच्याचा पुरस्कार करणार आहे, तो वृत्तासारखा आहे. आशयच ठरवून देणाऱ्या साच्याचा धोकाही मी पुढे सांगणार आहे.

संकेतस्थळाचे पान म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जे विश्वव्यापी जाळे उभारले, ते १९९१ साली बाहेरच्या जगाला खुले झाले. त्यातील प्रत्येक पान ही एक साधी मजकुराची संचिका असे. मजकुरात खुणा घातलेल्या असत: हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा. पाने पाच-दहा होती तोवर ती हाताने लिहिणे शक्य होते. शाळेचेच उदाहरण घ्या. प्रत्येक पानाच्या माथ्यावर शाळेचे नाव, बोधचिन्ह आणि स्थापनावर्ष, खाली पत्ता आणि दूरध्वनी, बाजूस अनुक्रम, मधोमध त्या पानाचा स्वतःचा मजकूर. नवे पान करायचे म्हणजे जुन्या पानाची नक्कल करायची आणि मधला मजकूर बदलायचा, ही रीत सर्वांत सोपी वाटते. अनेक संस्थांची संकेतस्थळे अशीच वाढली.

नक्कल करण्याच्या या रीतीचा परिणाम काय होतो, हे मराठीच्या अभ्यासकाला कोणी सांगावयास नको. हस्तलिखितांच्या परंपरेत एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी पोथी उतरली गेली आणि प्रत्येक उतरणीत काही अक्षरे हलली. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत इतके पाठभेद शिरले होते, की शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथ महाराजांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. हा काळ मराठी मुद्रणाच्या आधीचा होता. लेखनिकांना दुसरा मार्गच नव्हता. संगणकाच्या युगात मात्र आपण तेच पाठभेद आपण होऊन निर्माण करतो. दूरध्वनी क्रमांक बदलला की मुख्य पानावर तो दुरुस्त होतो, प्रवेशाच्या पानावर जुनाच राहतो. एका पानावर 'बडोदे', दुसऱ्यावर 'बडोदा', तिसऱ्यावर 'वडोदरा'. एका पानावर 'विद्यालय', दुसऱ्यावर 'हायस्कूल'. नक्कल केलेली पाने फक्त पहिल्या दिवशी एकसारखी असतात.

यावरचा उपाय म्हणजे साचा. येथे मी स्वयंपाकघरातला दृष्टान्त घेतो. मोदकाच्या साच्याने कळ्या एकसारख्या येतात. सारण मात्र ज्या घरचे त्या घरचे. संकेतस्थळाच्या साच्याचेही तसेच आहे, परंतु एक मोठा भेद आहे. मोदक साच्यातून निघाला की त्याचा साच्याशी संबंध संपतो. संकेतस्थळाचे पान मात्र साच्याशी बांधलेलेच राहते. उद्या साच्यावरची एक कळी बदलली, तर आजवर केलेल्या सर्व मोदकांच्या कळ्या बदलतात आणि एकाचेही सारण बिघडत नाही. शाळेचा दूरध्वनी क्रमांक साच्यात एकदाच लिहिलेला असतो. तेथे तो बदलला की तीनशे पानांवर तो बदलतो. पाठभेदाला जागाच उरत नाही, कारण मूळ पाठ एकच असतो आणि बाकी सर्व त्याचे दर्शन असते.

हे घडते कसे, तेही सांगतो. त्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिल्या रीतीत मजकूर एका कोठारात आणि साचा दुसरीकडे असतो. वाचकाने पान मागितले की त्या क्षणी दोहोंची सांगड घालून पान तयार होते. २००३ साली सुरू झालेली वर्डप्रेस ही प्रणाली अशी आहे. तीत तंत्र न जाणणारा शिक्षकही मजकूर लिहू शकतो. मात्र प्रणाली वेळोवेळी अद्ययावत ठेवावी लागते, नाहीतर परके लोक आत शिरतात. दुसऱ्या रीतीत साचा आणि मजकूर यांची सांगड आधीच घालून सर्व पाने तयार करून ठेवतात. वाचकाला तयार पान मिळते. यात बिघडण्यासारखे थोडे असते, पण मजकूर बदलला की पाने पुन्हा घडवावी लागतात. ज्या संस्थेत वर्षातून पाच-सहा वेळाच बदल होतात, तिला ही दुसरी रीत पुष्कळदा पुरेशी असते. पानाचे रंगरूप, म्हणजे अक्षरांचा टंक, आकार, समास हे तिसऱ्याच ठिकाणी ठेवण्याची सोयही आहे. हौकोन विउम ली यांनी १९९४ साली ती कल्पना मांडली आणि सीएसएस या नावाने १९९६ च्या डिसेंबरात ती प्रमाण झाली. मजकूर, साचा आणि वेश हे तीन थर असे निराळे झाले. वेश बदलला तरी मजकूर शाबूत राहतो, हे त्या विभागणीचे फळ आहे.

ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. जुना मराठी पत्रव्यवहार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे की पत्र कसे लिहावे याची शिस्त सांगणारी मेस्तके आपल्याकडे होती, आणि परंपरा ती हेमाद्रीच्या नावाशी जोडते. माथ्यावर 'श्री', मग ज्याच्या त्याच्या अधिकाराप्रमाणे मायना, मग 'विशेष' म्हणून मजकूर, शेवटी 'लेखनसीमा' अथवा 'मोर्तब सूद'. वाचणाऱ्या कारकुनाला मजकूर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे शोधावे लागत नसे; शेवटच्या खुणेनंतर कोणी काही घुसडले, तर ते लगेच उघडे पडे. साच्याने वाचकाचे श्रम वाचत आणि मजकुराचे रक्षणही होई. आपल्या बडोद्यातही याचे एक उदाहरण आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणून ग्रंथालयांची शास्त्रीय व्यवस्था लावली. ज्यांनी ग्रंथालयातील सूचीकार्डांचे खण उघडले आहेत, त्यांना आठवेल: ग्रंथकाराचे नाव, ग्रंथनाम, वर्गांक या प्रत्येकाची कार्डावरची जागा ठरलेली असते. म्हणूनच हजारो कार्डांतून बोटे फिरवताना हवे ते कार्ड क्षणात सापडते.

मराठी भाषेपुरते पाहिले, तर साच्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांना खुला प्रयोग मराठी विकिपीडियावर चालू आहे. तो ज्ञानकोश १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यात 'साचा' हे एक स्वतंत्र नामविश्वच आहे. लेखात दुहेरी महिरपी कंसांत साच्याचे नाव लिहिले, की त्या जागी साच्यातील मजकूर उमटतो. लेखाच्या कडेला व्यक्तीचे अथवा गावाचे तपशील देणारी जी चौकट दिसते, ती अशीच येते. तिला तेथे 'माहितीचौकट' असे समर्पक नाव आहे. त्या प्रकल्पातून शिकण्यासारख्या तीन गोष्टी मला दिसतात. जे साचे पुष्कळ पानांवर वापरले जातात, ते सुरक्षित ठेवतात. कोणीही येऊन ते बदलू शकत नाही, कारण तेथील एक चूक हजारो पानांवर उमटते. साच्याच्या सोबत तो कसा वापरावा हे सांगणारे पान ठेवण्याची तेथे रीत आहे. आणि प्रत्येक बदलाआधीची आवृत्ती जपलेली असते. बदल फसला तर मागे जाता येते. साच्याने चूक एका ठिकाणी सुधारता येते, तशी ती एका ठिकाणाहून सर्वत्र पसरतेही. म्हणून साचा हा अधिकाराचा विषय आहे आणि तो जबाबदार हाती असला पाहिजे.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. बाजारात मिळणारे बहुतेक साचे इंग्रजीसाठी घडलेले असतात. आपण त्यांत मराठी मजकूर ओततो आणि पान मराठी झाले असे समजतो. ते तसे होत नाही. गुजराती आणि हिंदी यांच्या सहवासात वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठीचे वळण जेथे पाहायला मिळावे, त्या शाळेच्या पानावरच ते हरवलेले असते. चार उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण भाषेच्या खुणेचे. प्रत्येक पानाच्या आरंभी ते कोणत्या भाषेतले आहे, हे सांगणारी एक खूण द्यावी लागते. मराठीसाठी ती 'एम' आणि 'आर' या दोन रोमन अक्षरांची आहे. इंग्रजी साच्यात तेथे इंग्रजीची खूण असते, आणि ती कोणी बदलत नाही, कारण ती पानावर दिसत नाही. परंतु दृष्टिहीनांना पान वाचून दाखविणारी प्रणाली त्या खुणेवरूनच कोणत्या भाषेचा आवाज वापरायचा, हे ठरविते. शिवाय 'ल' आणि 'श' या अक्षरांची मराठी वळणे हिंदी वळणांहून निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणे प्रमाण ठरविली आहेत. काही देवनागरी टंकांत दोन्ही वळणे असतात, आणि पानावर मराठीची खूण असेल तरच मराठी वळण उमटते. म्हणजे साच्यात दोन अक्षरे योग्य लिहिली, तर शेकडो पानांवरील 'ल' आणि 'श' मराठी होतात.

दुसरे उदाहरण टंकाचे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत काय भेद आहे, हे या सभागृहातील आचार्यांना आणि भोजनगृहातील आचाऱ्यांना सारखेच ठाऊक आहे. मराठीतल्या या अर्ध्या 'र'चा टंकात नीट विचार झालेला नसेल, तर सत्काराच्या पानावर अनर्थ ओढवेल. साच्यासाठी टंक निवडताना मराठीतील अशा वीस-पंचवीस अवघड शब्दांची यादी करून ती प्रथम छापून पाहावी. पूर्वी युनिकोड नसलेल्या टंकांत लिहिलेली पाने तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग बनत. ती पाने साच्यात घेण्यापूर्वी युनिकोडमध्ये आणली पाहिजेत.

तिसरे उदाहरण नावांचे. इंग्रजी साचा दोन रकाने देतो, पहिले नाव आणि शेवटचे नाव. आपल्याकडे मधले नाव आहे, ते कधी वडिलांचे, कधी आईचे, कधी पतीचे, आणि काहींना ते नकोच असते. माजी विद्यार्थ्यांची यादी अकारविल्हे लावताना दुसरी अडचण येते. मराठी वर्णमालेत 'ळ', 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी येतात. संगणकाला मराठी क्रम सांगितला नाही, तर तो 'ळ' हे अक्षर 'ल'च्या शेजारी आणि सारे क्षीरसागर 'क'च्या घरात नेऊन बसवतो. हा क्रमही साच्यातच एकदा सांगून ठेवायचा असतो.

चौथे उदाहरण दिनांकाचे. ०५/०९ हा ५ सप्टेंबर की ९ मे? आपल्या शाळेचे विद्यार्थी अमेरिकेतही आहेत, आणि तेथे महिना आधी लिहितात. दिनांक साठवताना वर्ष, महिना, दिवस या निश्चित क्रमाने साठवावा, आणि दाखवताना साच्याने महिना अक्षरांत लिहावा. लिहिणारा बदलला तरी दिनांकाची तऱ्हा बदलणार नाही.

येथवर साच्याचे गुण सांगितले. आता त्याच्या धोक्याविषयी. साचा हा मूक प्रश्नकर्ता आहे. तो जे रकाने ठेवतो, ते त्याने विचारलेले प्रश्न असतात, आणि जे त्याने विचारले नाही, ते हळूहळू नोंदविलेच जात नाही. शिक्षकांच्या परिचयाच्या पानाचा साचा करताना कोणी नाव, पदव्या, पुरस्कार, प्रकाशने असे चार रकाने ठेवले, अशी कल्पना करा. ज्या बाईंनी तीस वर्षे पहिलीच्या मुलांचे हात धरून त्यांच्याकडून 'अ' गिरवून घेतला, त्यांच्या पानावर पुरस्कारापुढे एक रेघ आणि प्रकाशनांपुढे दुसरी रेघ. त्या दोन रेघांनी साचा त्या बाईंविषयी एक विधान करतो, आणि ते खोटे आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण आज जमलो आहोत, त्यांच्यासारख्या शिक्षकांची थोरवी कोणत्याही रकान्यात मावणारी नव्हती. साच्याने त्यांना उणे दाखवावे, हे मला सहन होणार नाही. आपल्यालाही होणार नाही.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. मराठी विकिपीडियावरील माहितीचौकटींत अनेक ओळी ऐच्छिक असतात; तपशील भरला तर ओळ दिसते, न भरला तर तिचा मागमूसही राहत नाही. रिकाम्या जागेला रेघ ओढू नये, एवढे तारतम्य साच्याला शिकविता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक साच्यात मध्यभागी एक मोठी, अनिर्बंध जागा असावी. जुन्या मेस्तकांनी मायना बांधून दिला, पण 'विशेष' या शब्दानंतर लिहिणाऱ्याला मोकळे सोडले. तो 'विशेष' आपण हरवू नये. जुन्या काळच्या ड्रीमवीव्हर या प्रणालीत साच्याचे काही भाग कुलूपबंद आणि काही भाग लिहिण्यास खुले, अशी स्पष्ट आखणी करावी लागे. ही आखणी कोणतीही प्रणाली वापरली तरी करावीच लागते, आणि ती करणाऱ्याने आधी दोन प्रश्न विचारावेत: सर्व पानांवर एकच असले पाहिजे ते काय? आणि कोणत्याही दोन पानांवर एक असता कामा नये ते काय?

या शाळेसाठी माझ्या सूचना थोड्या आहेत. शाळेचे नाव, पत्ता, स्थापनावर्ष आणि दूरध्वनी हे एकाच ठिकाणी लिहावेत आणि इतरत्र कोठेही हाताने लिहू नयेत. शाळेच्या नावाचे आणि गावाच्या नावाचे एकच लेखन संस्थेने ठरवावे. साचे मोजकेच असावेत: बातमीसाठी एक, व्यक्तिपरिचयासाठी एक, यादीसाठी एक, लेखासाठी एक, प्रत्येक नव्या पानाला नवा साचा केला, तर आपण पुन्हा पाठभेदांकडेच गेलो. बदल प्रथम एका पानावर करून पाहावा, मग सर्वत्र लागू करावा, आणि आधीची आवृत्ती जपून ठेवावी. साच्यात कोणता भाग कशासाठी आहे, याचे दोन पानी टिपण मराठीत लिहून कार्यालयात आणि संकेतस्थळावर, दोन्हीकडे ठेवावे. आणि साच्याचे काम तरुणांनी करावे, पण साच्यातील शब्द मराठीच्या शिक्षकांनी तपासल्याशिवाय ते प्रसिद्ध करू नये. 'क्लिक करा', 'अधिक वाचा', 'मुख्य पान' हे शब्द प्रत्येक पानावर दिसणार असतात. एखाद्या लेखातील चुकीपेक्षा त्यांतील चूक मुलांच्या डोळ्यांत अधिक वेळा भरते.

या टिपणाचा आग्रह मी धरतो, त्याला कारण आहे. आपल्यासारख्या, मातृभाषेच्या प्रदेशाबाहेर चालणाऱ्या संस्थेत माणसे येतात आणि जातात. आज जो माजी विद्यार्थी हौसेने संकेतस्थळ सांभाळतो, तो उद्या नोकरीसाठी दूर जातो. त्याच्या डोक्यातील शिस्त त्याच्याबरोबर जाते. साच्यात आणि टिपणात लिहिलेली शिस्त मात्र मागे राहते, आणि ज्याला आपण कधी पाहिले नाही अशा पुढच्या हाताला ती सापडते. संस्था म्हणतात ती याहून वेगळी काय असते? कोणी एकाने घालून दिलेली रीत, तो नसतानाही चालावी आणि तरीही पुढच्या माणसाला आपले स्वतःचे काही लिहायला जागा मिळावी, यासाठीच आपण शाळा काढतो. चांगल्या साच्याकडूनही माझी अपेक्षा एवढीच आहे.